वाचकांचे प्रश्न: आधी घटना, मग शाळा, मग कविता?

गेल्या अंकात मी बोलता बोलता एक वाक्य लिहून गेलो, की मराठीत साहित्याच्या चळवळी मोठ्या घटनांमुळे होत नाहीत, त्या घटनांनंतर जी पोरं पहिल्यांदा शाळा-कॉलेजात जातात त्यांच्यामुळे होतात. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आलीत की या वेळी दुसरं काहीच घेत नाहीये. काही पत्रं लांब होती, ती कापलीत, राग नसावा.

सर, मी एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या नोट्समध्ये सरळ लिहिलंय की दुसऱ्या महायुद्धामुळे मराठीत नवकाव्य आलं. पण बॉम्ब पडले लंडनवर आणि कविता बदलली मुंबईत, असं कसं? परीक्षेत लिहिते मी ते, मार्कही मिळतात, पण पटत नाही.

पटत नाही हे चांगलंच आहे, तसंच राहू दे. नोट्समधलं वाक्य खोटं नाही, पण त्यात मधला अख्खा जिना गायब आहे, तळमजल्यावरून थेट गच्चीत.

तू एक साधी गोष्ट कर. नवकाव्य ज्यांच्यापासून धरतात त्या मर्ढेकरांचे 'शिशिरागम' आणि 'काही कविता' हे दोन कवितासंग्रह शेजारी ठेव. पहिलं १९३९ चं, दुसरं १९४७ चं. कवी तोच, मधे फक्त आठ वर्षं. पहिल्यात तो त्या काळातल्या चांगल्या कवींसारखाच लिहितोय, हळवं, सुबक, निसर्गात रमणारं. दुसऱ्यात ओल्या पिपात मेलेले उंदीर आहेत. आता बरेच जण सांगतात की त्यांनी इंग्लंडमध्ये राहून एलियट वगैरे वाचला म्हणून असं झालं. अरे पण इंग्लंडहून ते परत आले १९३० च्या दशकात, म्हणजे जे काय वाचायचं ते वाचूनच आले असणार, आणि तरी त्यानंतर छापलं ते 'शिशिरागम'! म्हणजे नुसतं वाचून माणूस बदलत नाही, वाचलेलं अंगावर यावं लागतं.

आणि ते अंगावर आलं मुंबईत. युद्ध इथे झालं नाही असं म्हणतेस, पण १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं, म्हणजे धान्याच्या दुकानासमोर कार्ड घेऊन रांगेत उभं राहणं हे पहिल्यांदा रोजच्या जगण्यात आलं, माणूस म्हणजे कार्डावरचा एक नंबर. त्याच वर्षी बंगालात दुष्काळाने लाखो माणसं मेली, आणि ती नुसती पाऊस नाही म्हणून मेली नाहीत, युद्ध, महागाई आणि सरकारी कारभार यांनी मारली. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळा भरलेलं जहाज फुटलं आणि आजूबाजूचा भाग उद्ध्वस्त झाला. फेब्रुवारी १९४६ मध्ये नाविकांचं बंड, रस्त्यावर गोळीबार. हे सगळं घडत असताना लोक सकाळी उठून चहा पिऊन लोकल पकडतच होते, नोकरीवर जातच होते. मर्ढेकरांना दिसलं ते हे, संकट नाही, संकट चालू असताना चालू राहिलेला कारखाना. म्हणून तर त्यांची ती कविता बघ, सकाळी उठून चहा-कॉफी घ्यावी आणि वीजगाडी गाठावी असा मजकूर, आणि चाल मात्र अभंगाची. आपल्याकडे सकाळी उठून काय करायचं ते संत सांगायचे, आता लोकलचं टाइमटेबल सांगतं. कुठल्या इंग्रज कवीकडून आणणार हा विनोद? तो ज्ञानोबा-तुकोबा तोंडपाठ असलेल्या माणसालाच सुचतो आणि तशाच वाचकाला कळतो.

तेव्हा परीक्षेत असं लिही की युद्धाने मुंबई बदलली, मुंबईने कवी बदलला. आणि नवकथेलाही हेच लागू आहे, गंगाधर गाडगीळांच्या कथांतली माणसं त्याच शहरात घुसमटलेली आहेत. हां, आणि कवितांवर अश्लीलतेचा खटला झाला होता, १९५२ मध्ये मर्ढेकर निर्दोष सुटले, हे पण टाक, परीक्षकांना आवडतं.

आमच्या वाचनकट्ट्यावर दोन गट पडलेत. एक म्हणतो दलित साहित्य १९५६ च्या धर्मांतराने सुरू झालं, दुसरा म्हणतो १९७२ ला दलित पँथर ही संघटना आली तेव्हा. तुम्ही निकाल द्या. (निवृत्त शिक्षक, नांदेड)

गुरुजी, निकाल देतो पण दोन्ही गट माझ्यावर चिडणार आहेत.

मी तारीख लावायची तर १९५० लावेन. त्या वर्षी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद. सोसायटी १९४५ ची, मुंबईचं सिद्धार्थ कॉलेज १९४६ चं, पण औरंगाबादचं महत्त्व वेगळंय आणि ते तुम्हा मराठवाड्यातल्या माणसाला मी काय सांगणार. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, उच्च शिक्षण घ्यायचं तर हैदराबाद गाठा आणि तेही उर्दूतून, गावकुसाबाहेरच्या पोराला तर तो विचारही परवडत नव्हता. आणि अचानक जवळच कॉलेज, होस्टेल, लायब्ररी, आणि आपल्यासारखीच शेकडो पोरं. आता गणित करा. १९५० मध्ये जो सतरा-अठरा वर्षांचा होता तो १९५५ च्या आसपास पदवीधर, मग नोकरी, लग्न, बदली, आणि पुस्तक लिहायला हात मोकळा होईपर्यंत साठचं दशक संपत आलेलं. गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' औरंगाबादहूनच निघालं आणि ते साठच्या दशकाच्या शेवटी निघालं, हा काही योगायोग नाही. नियतकालिक काढायला नुसता संताप पुरत नाही हो, संपादक लागतो, लेखक लागतात आणि वर्गणी भरणारे शिकलेले पगारदार वाचक लागतात. हे तिन्ही एका जागी तयार व्हायला तेवढी वर्षं लागली.

मग धर्मांतराचं काय? तर १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे झालं त्याने लिहिणाऱ्याचा आवाज बदलला. त्याआधीही लिहिलं जात होतंच. १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. पहिली शाळा १८४८ ची आणि निबंध १८५५ चा, बघा, शाळा निघाली की सात वर्षांत लेखिका! तो निबंध आजही वाचला तर अंगावर काटा येतो, त्यात ती थेट धर्मालाच जाब विचारते. पण पुढे काय झालं? शाळा वाढल्या नाहीत तसे तिच्यासारखे लिहिणारेही वाढले नाहीत. मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं १९५८ ला. मधे १०३ वर्षं.

धर्मांतराने काय केलं तर 'आमची दया करा' हा सूर संपवला. त्यानंतरचा लेखक वाचकाकडे काही मागत नाही, हिशोब मांडतो. बाबुराव बागुलांच्या कथासंग्रहाचं नावच घ्या, 'जेव्हा मी जात चोरली होती', १९६३. आणि पँथरने १९७२ मध्ये त्या आवाजाला रस्ता दिला, नामदेव ढसाळांचा कवितासंग्रह 'गोलपिठा'ही त्याच वर्षीचा. म्हणजे तुमच्या दोन्ही गटांची उत्तरं बरोबर, फक्त प्रश्न वेगवेगळे.

आता माझ्याच थिअरीला भोक पाडतो, नाहीतर तुमच्यापैकी कोणीतरी पाडणारच. त्या १९५८ च्या संमेलनाचं उद्घाटन कोणी केलं? अण्णाभाऊ साठ्यांनी. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही, दलितांच्या आणि कामगारांच्या तळहातावर उभी आहे, हे त्यांचं तिथलंच म्हणणं. आणि अण्णाभाऊ शाळेत गेले किती तर दीड दिवस असं सांगतात. नारायण सुर्वे तर गिरणी कामगाराला सापडलेलं पोर, गिरणीत काम केलं, शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले. कुठलं कॉलेज नि कुठलं होस्टेल! मग? मग असं की या दोघांची शाळा दुसरी होती. लाल बावटा कलापथक १९४४ चं, अण्णाभाऊ, अमर शेख, गव्हाणकर, आणि ते ज्या चाळीत, ज्या युनियनच्या सभेत गायचे ती सगळी शाळाच. सुर्व्यांनी तर १९६६ च्या संग्रहाचं नावच 'माझे विद्यापीठ' ठेवलं, यावर मी अजून काय बोलू. तेव्हा माझं वाक्य दुरुस्त करून घेतो, शाळा म्हणजे चार भिंतीच असं नाही, पण जिथे माणसाला पहिल्यांदा कळतं की आपल्यासारखे अजून आहेत अशी एक जागा लागते, ती नसेल तर एकेकटा माणूस लिहितो, चळवळ होत नाही.

'सत्यकथा' मासिकाचा अंक जाळणारी पोरं नुसती स्टंटबाज होती. चांगलं लिहिता आलं असतं तर 'सत्यकथे'नेच छापलं असतं. त्यांच्या लघुअनियतकालिकांचं, म्हणजे जमेल तेव्हा काढलेल्या छोट्या अंकांचं, उगाच कौतुक चाललंय.

दादा, एवढं रागावू नका, ५५ वर्षं होऊन गेली त्याला.

स्टंट होताच तो, नाही कोण म्हणतंय. १९६९ मध्ये गिरगावात खटाववाडीत 'सत्यकथा' काढणाऱ्या मौजेच्या दारात तिचा अंक जाळला, लघुअनियतकालिकं काढणारे राजा ढाले वगैरे मंडळी होती. पण 'चांगलं असतं तर छापलं असतं' यात एक गोची आहे. चांगलं म्हणजे काय हे कोण ठरवतं? 'सत्यकथा' हे फार मोठं मासिक होतं, नवकथा आणि नवकविता तिथेच वाढल्या, आणि नेमकं म्हणूनच त्यांच्या डोक्यात चांगल्या लेखनाचा एक साचा बसला, घोटीव, संयमी, आवाज न चढवणारा. साठच्या दशकात मुंबईत भाड्याच्या खोलीत तिघा-चौघांत राहणारा, छोटी नोकरी करणारा पोरगा आला, त्याची भाषा रस्त्यावरची, शिव्यांची, अर्धी हिंदी. महाराष्ट्र झाला १ मे १९६० ला, त्यासाठी शंभरावर माणसं गोळीबारात गेली होती, वाटलं होतं आता आपलं राज्य आपली भाषा आपली नोकरी, आणि लगेच १९६२ चं चीन युद्ध, महागाई, धान्यटंचाई. त्या पोराला संयमी लिहायचंच नव्हतं हो.

आणि दुसरी गोष्ट मशीनची, जी सगळे विसरतात. छापखान्यात खिळे जुळवून अंक काढायचा तर पैसा पाहिजे, प्रेसवाला ओळखीचा पाहिजे. सायक्लोस्टाइलला काय, स्टेन्सिल कापा, शाई लावा, रोलर फिरवा, शंभर-दोनशे प्रती काढा आणि मित्रांना वाटा. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांनी १९५४ ला 'शब्द' सुरू केलं तेही असंच, हातखर्चातून. मग 'असो', 'वाचा', 'येरू', 'फक्त', 'अबकडई', नावं तरी बघा, एकालाही गंभीर दिसायचं नाहीये. पैसे आले की अंक, नाही आले की नाही, म्हणून अनियत. या अंकांत सगळं चांगलं होतं का? अजिबात नाही, बराच कचरा होता, मी लायब्ररीत जुने गठ्ठे चाळलेत, कित्येक पानं आता वाचवत नाहीत. पण जो संपादक कोणालाच उत्तर द्यायला बांधील नाही तोच धोका घेतो, आणि दहातला एक धोका पुढे भाषाच बदलून टाकतो.

अजून एक नातं सांगतो, मला ते फार आवडतं. मर्ढेकरांच्या कविता ज्या मासिकात येत होत्या त्यातलं एक 'अभिरुची', बडोद्याहून निघायचं, पु. आ. चित्रे चालवायचे. दिलीप चित्रे त्यांचा मुलगा. म्हणजे नवकवितेला बापाने जागा दिली आणि नवकवितेनंतरचं बंड मुलाने केलं, तेही घरातलंच छापील वारं खाऊन.

आणि भांडणाचं म्हणाल तर मराठीला ते नवीन नाही. १८८५ ला रानड्यांनी ग्रंथकारांच्या सभेचं बोलावणं फुल्यांना धाडलं तेव्हा फुल्यांनी काय पत्र लिहिलं ते काढून वाचा. 'घालमोडे दादा' म्हणालेत. त्यापुढे ढाल्यांची काडेपेटी सौम्य वाटेल.

आणीबाणीने मराठीत एखादी चळवळ का नाही उभी केली?

थोडक्यात सांगतो. आणीबाणी २१ महिन्यांत संपली आणि तिने लिहिणारा नवा वर्ग तयार केला नाही, जे आधीपासून लिहित होते त्यांची परीक्षा घेतली. त्या परीक्षेत फार थोडे पास झाले. कऱ्हाडच्या संमेलनात, १९७५ मध्ये, अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत उभ्या राहिल्या आणि तुरुंगवासात आजारी पडलेल्या जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करायला लावली, सरकारची माणसं समोर बसलेली असताना. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. ही एका बाईची हिंमत झाली, चळवळ नव्हे.

तुमच्या गेल्या लेखात सगळी पुरुषांचीच नावं होती. बायका काय करत होत्या, चहा? (वाचक, सातारा)

ताई, बरोब्बर पकडलंत. चुकलंच. आणि काही जणी खरंच चहा करत होत्या आणि चहा झाल्यावर चोरून लिहित होत्या, ही थट्टा नाही.

फलटणच्या बेबीताई कांबळे. दुकान चालवायच्या, गिऱ्हाईक नसलं की लिहायच्या, आणि लिहिलेलं नवऱ्यापासून, घरच्यांपासून लपवून ठेवायच्या, थोडी थोडकी नाही, वीसेक वर्षं. मग ते 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं आणि १९८६ ला पुस्तक झालं, 'जिणं आमचं'. आता माझं मघाचं गणित इथे लावून बघा. आंबेडकरी चळवळीतल्या पुरुषाला होस्टेल मिळालं, मित्र मिळाले, कोपऱ्यावरचं हॉटेल मिळालं रात्री दोनपर्यंत वाद घालायला. बाईला त्याच चळवळीत सभेला जाता आलं, भाषण ऐकता आलं, पण लिहायला जागा नाही. म्हणून दया पवारांचं आत्मकथन 'बलुतं' १९७८ ला येतं आणि बेबीताईंचं आठ वर्षांनी, आणि ऊर्मिला पवारांचं 'आयदान' तर २००३ ला. एकाच इतिहासातून गेलेली माणसं, पण घड्याळं वेगळी. आणि बायका उशिरा आल्या म्हणून काय झालं, त्यांनी जे आणलं ते पुरुषांच्या पुस्तकांत नव्हतंच, की बाहेर क्रांतीचं बोलणारा घरात येऊन हात उचलतो. बेबीताईंनी ते लपवलं नाही.

वरच्या जातीतल्या बायकांचंही फार वेगळं नव्हतं. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा लेखिकेचं नाव छापलं होतं विभावरी शिरूरकर, आणि ही बाई कोण म्हणून पुण्या-मुंबईत गदारोळ. शिकलेल्या, कमावणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलीच्या मनात काय चालतं एवढंच तर लिहिलं होतं. मुली शिकल्या, नोकरीला लागल्या, त्यांच्या पगारावर घर चालायला लागलं म्हणून बाप लग्न लांबवायला लागला, हा सामाजिक बदल कोणत्याच इतिहासाच्या पुस्तकात तारीख घेऊन येत नाही, तो मालतीबाई बेडेकरांच्या त्या टोपणनावाखालच्या कथांत सापडतो. त्याच्याही मागे जायचं तर ताराबाई शिंदे, 'स्त्री-पुरुष तुलना', १८८२. त्यांनी टोपणनावही घेतलं नाही. त्यावर एवढी टीका झाली की त्यांचं दुसरं पुस्तक आपल्याला माहीतच नाही.

कोरोनाला इतकी वर्षं झाली, तरी त्यावर म्हणावं असं मराठी पुस्तक माझ्या हाती लागलं नाही. लेखक झोपलेत का?

नाही झोपलेले. तुम्ही घाई करताय. कोरोनात लगेच आलेल्या कविता व्हॉट्सॲपवर मीही भरपूर वाचल्या, तुम्हीही वाचल्या असतील, त्याबद्दल न बोललेलं बरं.

गिरणी संपाचं उदाहरण घ्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, दत्ता सामंत नेते, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, तो नुसता विरत गेला आणि त्याच्याबरोबर गिरणगाव. या संपावरचं जे नाटक मला सगळ्यात भारी वाटतं, जयंत पवारांचं 'अधांतर', ते आलं १९९७ ला. पंधरा वर्षं! पवार गिरणगावातच वाढलेले, संपाच्या वेळी विशीत. त्यांना माहिती गोळा करायला पंधरा वर्षं लागली नाहीत, ती तर आजूबाजूलाच होती, लागली ती संपाचं पुढे काय होतं ते बघायला. नाटकात मोर्चा नाही, लाल झेंडा नाही, गिरणी कामगार बाप तर मेलेलाच आहे, आहे ती चाळीतली एक खोली आणि त्यात आई, तीन मुलगे, एक मुलगी, एक गुंड झालेला, एक लेखक व्हायला निघालेला, एक क्रिकेटच्या नादात. १९८३ मध्ये हे नाटक लिहिताच आलं नसतं कारण तेव्हा पोरांचं काय होणार हे पोरांनाही माहीत नव्हतं. त्या वेळी लिहिलं असतं तर ते मालक वाईट, कामगार चांगले असं झालं असतं, तेही खोटं नसतं, पण दोन वर्षांत शिळं झालं असतं.

तेव्हा कोरोनाचं पुस्तक कोण लिहील असं मला विचाराल तर आत्ता नाव असलेला लेखक नाही लिहिणार बहुतेक. मार्च २०२० ला जी पोरगी सहावी-सातवीत होती, घरात एकच मोबाइल आणि तो बापाबरोबर कामावर जायचा, ती लिहील. ती आत्ता कॉलेजात पोचलीय.

तोपर्यंत 'अधांतर' मिळवा. छोटं आहे, दोन तासांत होतं. वाचून झालं की पत्र टाका, त्यातला लेखक व्हायला निघालेला मुलगा तुम्हाला पटतो का ते मला विचारायचंय, मला तो अजूनही अर्धाच पटलाय.